घरोघरी गेल्यानं मतदार वाढतात का? कोल्हापुरात स्वतः तपासून बघण्याची पद्धत

निवडणूक जवळ आली की कोल्हापुरात मतदार जागृतीला जोर येतो. बिंदू चौकातून रॅली निघते, शाळेची पोरं प्रभातफेरी काढतात, पथनाट्य होतं, मानवी साखळी होते, रंकाळ्यावर सह्यांचा फलक उभा राहतो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. मतदान चांगलं झालं की ते जागृतीमुळं, कमी झालं की उन्हामुळं, असा हिशेब लागतो आणि विषय संपतो. यातल्या कुठल्या कामामुळं एरवी घरी बसला असता असा एक तरी माणूस केंद्रावर आला, हे मात्र कुणी मोजत नाही.

ते मोजता येतं. त्यासाठी विद्यापीठाची पदवी लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. लागते ती थोडी शिस्त, थोडा धीर आणि काही गल्ल्या मुद्दाम सोडून देण्याची तयारी. एनएसएसची पोरं, तालीम मंडळाचे कार्यकर्ते, बचत गटाच्या ताई, निवृत्त शिक्षक, यांच्यापैकी कुणालाही पहिल्यांदाच हे करून बघायचं असेल, तर कुठून सुरुवात करायची ते इथं सांगतो.

पायरी १: नोंदणी आणि मतदान वेगळं करा

नवीन मंडळी सगळ्यात आधी इथं गोंधळतात. यादीत नाव नसणं हा एक प्रश्न आणि नाव असून केंद्रावर न जाणं हा दुसरा. पहिल्यावर उपाय कागदपत्रांचा, दुसऱ्यावर आठवणीचा, सोयीचा आणि इच्छेचा. दोन्ही एकाच मोहिमेत घातले की शेवटी कशामुळं काय झालं ते कळत नाही.

कोल्हापुरात हा फरक जास्तच महत्त्वाचा आहे. आपल्याकडं मतदान मुळात भरघोस होतं. २०२४ च्या विधानसभेला जिल्ह्याचा आकडा ७६ टक्क्यांच्या वर गेला आणि तो राज्यात सर्वाधिक होता. करवीर विधानसभा मतदारसंघात तर ८४ टक्क्यांच्या पुढं मतदान झालं. जिथं शंभरातले चौऱ्याऐंशी आधीच येतात, तिथं आणखी किती वाढवणार? उरलेल्यांत आजारी माणसं असतात, पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली असतात आणि वारलेल्यांची न वगळलेली नावंही असतात. तुमची पत्रकं कितीही चांगली असली तरी त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणून जिथं जागा आहे तिथं बघा. शहरी कोल्हापूर उत्तर मतदारसंघ करवीरच्या बराच मागं राहिला. अपार्टमेंटची वस्ती, भाड्यानं राहणारी कुटुंबं, वसतिगृहातली पोरं, गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या एमआयडीसीतले कामगार, इचलकरंजीच्या यंत्रमागावरचे परगावचे लोक, आणि लग्न होऊन सासरी आल्या तरी नाव अजून माहेरच्या यादीत असलेल्या बायका, ही खरी भोकं आहेत.

पहिल्यांदा करणाऱ्यांनी नोंदणीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. मतदानाचा प्रयोग निवडणूक येईल तेव्हाच करता येतो आणि एकदा चुकला की वर्षानुवर्षं थांबावं लागतं. महापालिकेचंच बघा, २०१५ नंतर थेट २०२६ मध्ये निवडणूक झाली. नोंदणीचं काम बाराही महिने चालतं. पूर्वी फक्त १ जानेवारीला अठरा पूर्ण झालेल्यांचं नाव लागायचं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आहेत, आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही भरता येतो. म्हणजे वर्षात चार वेळा प्रयोग करायची संधी आहे.

पायरी २: आधी कुणी काय शोधलंय ते वाचा

हा विषय जगात शंभर वर्षं तपासला जातोय. हॅरॉल्ड गॉसनेल या अभ्यासकानं १९२० च्या दशकात शिकागोत काही मतदारांना स्मरणपत्रं पाठवली, काहींना पाठवली नाहीत आणि दोन्हींची तुलना केली. पुढं १९९८ मध्ये अॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी न्यू हेवन शहरात सुमारे ३०,००० मतदारांवर मोठा प्रयोग केला. कुणाच्या घरी माणूस जाणार, कुणाला पत्र जाणार, कुणाला फोन जाणार आणि कुणाला काहीच नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. प्रत्यक्ष दारात जाऊन बोलल्यानं मतदान चांगलंच वाढलं. ज्यांची भेट झाली त्यांच्यात शंभरामागं आठ-नऊ माणसं जास्त आली. पत्रांचा परिणाम जेमतेम होता. पैसे देऊन करून घेतलेल्या फोनचा काहीच दिसला नाही.

नोंदणीबद्दल सगळ्यात उपयोगी काम मला फ्रान्समधलं वाटतं. २०१२ च्या निवडणुकांआधी तिथल्या १० शहरांत स्वयंसेवक घरोघरी गेले. काही घरी फक्त माहिती दिली, काही घरी नोंदणीचं काम तिथल्या तिथं करून दिलं. नुसत्या माहितीपेक्षा दारात काम करून देणं जास्त चाललं. आपल्याकडं हे ऐकून कुणालाच नवल वाटणार नाही, पण मोजून सिद्ध होणं वेगळं.

शेजारच्या पाकिस्तानात, सिंधच्या खेड्यांत २००८ च्या निवडणुकीआधी बायकांसाठी घरोघरी मतदार शिक्षण केलं गेलं. ज्यांच्या घरी गेले त्यांचं मतदान तर वाढलंच, पण त्याच वस्तीतल्या ज्यांच्या घरी कुणी गेलं नव्हतं त्या बायकांचंही वाढलं. बायका एकमेकींशी बोलल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, चौथ्या पायरीला लागेल.

एक पद्धत मात्र वाचा आणि सोडून द्या. २००६ मध्ये मिशिगनमध्ये लोकांना पत्र गेलं, त्यात तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मागच्या वेळी मत दिलं की नाही हे छापलेलं होतं. ज्यांना काहीच पत्र नव्हतं त्यांच्यात २९.७ टक्के मतदान झालं, या पत्रवाल्यांत ३७.८. परिणाम जबरदस्त आहे, मान्य. पण शिवाजी पेठेत असली यादी वाटलीत तर गल्लीत भांडणं लागतील आणि पुढच्या खेपेला तुमच्यासाठी दार उघडणार नाही. माणसाला लाजवून केंद्रावर नेणं मला पटतही नाही.

पायरी ३: प्रश्न एका वाक्यात लिहा

"मतदार जागृतीचा परिणाम काय?" हा प्रश्न नव्हे. "राजारामपुरीतल्या भाडेकरू कुटुंबांकडं जाऊन मोबाईलवर फॉर्म भरून दिला, तर व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवण्यापेक्षा जास्त नावं यादीत लागतात का?" हा प्रश्न. यात माणसं कोण, करायचं काय, तुलना कशाशी आणि मोजायचं काय, हे चारही आलं. यातलं एक जरी गाळलं तर काम भरकटतं.

पहिल्या खेपेला दोनच पद्धतींची तुलना करा. तीन-चार पद्धती एकदम घेतल्या की प्रत्येकीच्या वाट्याला माणसं थोडी येतात. किती माणसं लागतात, याचा अंदाज देतो. समजा नेहमीचा आकडा ६० टक्के आहे आणि तुम्हाला तो ६८ झाला का ते ओळखायचंय. दोन्ही बाजूला साडेपाचशेच्या वर माणसं हवीत. पण ६० चा ६३ झाला का, एवढा बारीक फरक पकडायचा असेल तर प्रत्येक बाजूला चार हजारांच्या वर लागतील. त्यात पूर्ण गल्ली एकदम निवडली, जी आपण निवडणारच आहोत, तर हा आकडा दुपटीवरही जाऊ शकतो, कारण एका गल्लीतली माणसं एकमेकांसारखी वागतात. म्हणून छोट्या गटानं बारीक फरकाच्या मागं लागू नये. पत्रकाचा रंग पिवळा चांगला की भगवा, हे शोधण्यात जन्म जाईल. दारात जाणं विरुद्ध न जाणं, असा ठसठशीत फरक घ्या.

पायरी ४: गल्ल्या निवडा आणि नाणं उडवा

सगळा प्रयोग या पायरीवर उभा आहे, त्यामुळं इथं घाई करू नका.

आपली सवय अशी की कार्यकर्ता ओळखीच्या गल्लीत जातो. तिथं चहा मिळतो, लोक गोड बोलतात. पण जिथं तुमची ओळख आहे तिथली माणसं आधीच जागरूक असण्याची शक्यता जास्त. मग शेवटी त्या गल्लीत नावं जास्त लागली, तर ते तुमच्या भेटीमुळं की गल्लीच तशी होती म्हणून? हे नंतर कितीही डोकं लढवलं तरी सुटत नाही. सुटतं ते फक्त कुठं जायचं हे तुम्ही न ठरवता नशिबावर सोडल्यानं.

घर निवडावं की गल्ली? मी गल्ली म्हणेन. सिंधमधल्या बायकांसारखंच इथंही होतं. एका घरात तुम्ही फॉर्म भरून दिलात की संध्याकाळपर्यंत समोरच्या घरात, नळावर, दूध संस्थेत बातमी पोचते. मग ज्या घरी गेला नाहीत तेही नोंदणी करतात आणि तुमचा फरक पुसला जातो. लोकांच्या दृष्टीनं हे चांगलंच, पण मोजणीच्या दृष्टीनं अडचणीचं. गल्ली म्हणून गल्लीच घेतली की हा गुंता बराच सुटतो. राजारामपुरी आणि शाहूपुरी यासाठी सोयीच्या, कारण तिथल्या गल्ल्यांना क्रमांकच आहेत. मात्र अगदी लागून असलेल्या दोन गल्ल्या घेऊ नका, मधे एखादी सोडा.

आता जोड्या लावा. समजा २४ गल्ल्या घेतल्या. एकमेकींसारख्या दोन-दोन शोधा: साधारण तेवढीच घरं, तसलीच वस्ती, भाडेकरू तेवढेच. जुन्या चाळीची जोडी जुन्या चाळीशी, नव्या अपार्टमेंटची नव्या अपार्टमेंटशी. अशा १२ जोड्या झाल्या. मग प्रत्येक जोडीसाठी सगळ्यांसमोर नाणं उडवा. छापा आला तर पहिल्या गल्लीत जायचं, काटा आला तर दुसऱ्या. वहीत तारीख घाला, जमलेल्यांच्या सह्या घ्या. आणि नाणं पडल्यावर "अरे, त्या गल्लीत माझी आत्या राहते, बदलू या" असं कुणी म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा. एक जोडी बदलली की बाकीच्या अकराही संशयात येतात.

त्याच दिवशी आणखी एक कागद लिहून ठेवा. काय मोजणार, केव्हा मोजणार, किती फरक दिसला तर पद्धत चालली म्हणणार. तो कागद गटाबाहेरच्या एखाद्या शिक्षकाकडं देऊन ठेवा. निकाल हाती आल्यावर आपल्याला हवा तो आकडा शोधून काढायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि हा कागद त्याला आवर घालतो.

पायरी ५: मतदार यादी वाचायला शिका

मतदार यादी मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळते. ती विधानसभा मतदारसंघाप्रमाणं आणि आत भागांप्रमाणं असते, एक भाग म्हणजे साधारण एक मतदान केंद्र. भागाच्या आत विभाग असतात, त्यावर गल्लीचं किंवा वस्तीचं नाव असतं. तुमच्या २४ गल्ल्या कुठल्या भागात, कुठल्या विभागात येतात ते आधी लावून घ्या. यात वेळ जातो. एकाच गल्लीची एक बाजू एका भागात आणि दुसरी बाजू भलत्याच भागात, असं शहरात असू शकतं. एक-दोन संध्याकाळी चौघांनी बसून हे नीट केलं तर पुढचं सगळं सोपं जातं.

यादीला जोडून पुरवणी येते. नव्यानं घातलेली, वगळलेली आणि दुरुस्त केलेली नावं तिच्यात असतात. तुमचं मोजमाप हेच. आजची यादी उतरवून ठेवा, काही महिन्यांनी नवी उतरवा, आणि कुठल्या गल्लीत किती नावं वाढली ते मोजा. कुणाला विचारायला जायची गरज नाही, आणि माणसांनी तुम्हाला बरं वाटावं म्हणून "हो, केली की नोंदणी" असं सांगण्याचाही धोका नाही.

म्हणूनच सुरुवातीला सगळ्या गल्ल्यांत जाऊन "तुमचं नाव यादीत आहे का?" असं सर्वेक्षण करू नका. तो प्रश्न विचारणं हीच एक जागृती आहे. ज्या गल्लीत काहीच करायचं नव्हतं तिथंही तुम्ही आठवण करून दिलीत असं होईल.

मतदानाचं मोजमाप अवघड आहे. कोण आलं कोण नाही, याची खूण केलेली यादी मिळेल हे धरून चालू नका. त्यापेक्षा गल्लीऐवजी पूर्ण केंद्र हे एकक घ्या. निकालानंतर फॉर्म २० प्रसिद्ध होतो, त्यात केंद्रवार मतं असतात. केंद्राच्या एकूण मतदारांशी भागलं की टक्केवारी निघते. दुसरा मार्ग डाव्या हाताच्या तर्जनीवरची शाई बघण्याचा, पण त्यासाठी दोन-तीन दिवसांतच दोन्ही प्रकारच्या वस्तीत फिरावं लागतं, आणि फिरणाऱ्याला आपण कुठल्या वस्तीत आहोत हे माहीत नसलेलं बरं.

पायरी ६: कागदपत्रं आणि नियम पाठ करा

दारात गेल्यावर चुकीचं सांगितलं तर त्या माणसाचा वर्षाचा विश्वास जातो. नवीन नावासाठी फॉर्म ६. पत्ता बदलला, नावात दुरुस्ती हवी, ओळखपत्र हरवलं तर फॉर्म ८. वारलेल्याचं किंवा स्थलांतरिताचं नाव वगळायला फॉर्म ७. सासरी आलेल्या बाईचं नाव माहेरी असेल तर तिला नवा फॉर्म ६ भरायला लावू नका, फॉर्म ८ वर स्थलांतर करा. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याला धरून नाही आणि अर्जात खोटी माहिती दिली तर शिक्षा आहे. वसतिगृहातल्या विद्यार्थ्यालाही हेच लागू. गावी ठेवायचं की इथं आणायचं ते त्यानं ठरवावं, पण एकच जागा.

अर्ज ज्याचा त्यानं भरायचा. निवडणूक आयोगाच्या अॅपवर किंवा संकेतस्थळावर भरता येतो, शंकेसाठी १९५० हा क्रमांक आहे. गठ्ठ्यानं अर्ज गोळा करून कार्यालयात नेऊन टाकणं चालत नाही. तुम्ही शेजारी बसून मदत करा, बोट त्यांचं चालू दे. आधारचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये राहता कामा नये. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबातच नाही. अर्ज आल्यावर हरकतींसाठी ७ दिवस ठेवावे लागतात, मग मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, पडताळणी करतात. त्यामुळं निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यात फारसं हाती लागत नाही.

बीएलओंना आधी भेटा. बहुतेक वेळा त्या अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक असतात, स्वतःचं काम सांभाळून हे करतात. त्यांना काय चाललंय ते सांगितलं तर मदत होते, न सांगता अर्ज वाढले तर त्यांच्या डोक्याला ताप.

आणि पक्ष घराच्या उंबऱ्याबाहेर. गळ्यात उपरणं नको, नेत्याच्या फोटोची टोपी नको, कुणाच्या गाडीतून फिरणं नको. मतदाराला केंद्रापर्यंत गाडीनं नेण्याच्या भानगडीत पडू नका, उमेदवाराच्या वतीनं तसं करणं हा गैरप्रकार ठरतो आणि तुम्ही कुणाचे आहात हे लोक विचारणारच. भेटवस्तू, जेवण, कुपन काही नाही.

पायरी ७: दारात काय बोलायचं

पत्रक वाचून दाखवू नका. नोंदणीसाठी बोलणं छोटं ठेवा आणि लगेच कामाला लागा.

"मावशी, घरात नवीन सून आलीया नव्हं? तिचं नाव हितल्या यादीत हाय का?"

"तिचं तिकडंच आसंल, कागलला. कोण जातंय त्या हापिसात?"

"हापिसात कशाला? मोबाईलवर हुतंय. वहिनींना बोलवा, आधार आणि लाइटबिल घिऊन. धा मिनिटांत करू."

एवढंच. यात लोकशाहीचं व्याख्यान नाही. हापिसात जावं लागेल ही भीती होती, ती गेली. जिथं लाइटबिल घरमालकाच्या नावावर आहे तिथं अडेल, म्हणून पत्त्याच्या पुराव्यांची यादी खिशात ठेवा: बँक किंवा पोस्टाचं पासबुक, गॅसचं बिल, नोंदणीकृत भाडेकरार हे चालतात.

मतदानासाठीचं बोलणं वेगळं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एक साधी गोष्ट तपासली गेली. नुसतं "मत द्या" म्हणण्याऐवजी किती वाजता जाणार, कुठून जाणार, त्याआधी काय करत असणार, असं विचारलं. स्वतःच्या तोंडून बेत सांगितलेली माणसं जास्त संख्येनं गेली, विशेषतः एकट्या मतदाराच्या घरातली. आपल्याकडं हे सहज जमतं. "काका, कधी जातासा? सकाळी फिरून येताना का जेवण झाल्यावर?" लोकसभेला २०२४ मध्ये आपल्याकडं ७ मे ला मतदान होतं. त्या दिवसांत दुपारी बारानंतर बाहेर पडणं म्हणजे काय ते सांगायला नको. सकाळी सात ते नऊची वेळ ज्यानं आधीच मनात धरली तो जातो, "बघू नंतर" म्हणणारा बऱ्याचदा राहतो.

एमआयडीसीतल्या कामगाराशी बोलताना एक गोष्ट आवर्जून सांगा: मतदानादिवशी त्याला पगारी सुट्टीचा हक्क आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब मध्ये तो लिहिलेला आहे. किती जणांना हे ठाऊक नसतं! माझ्या मते फक्त हेच एक वाक्य सांगणं विरुद्ध न सांगणं, असा एक वेगळा प्रयोग कुणीतरी शिरोलीत करायला हवा.

मतदानाच्या आधीच्या ४८ तासांत प्रचारावर बंदी असते आणि केंद्राच्या १०० मीटरच्या आत मतं मागता येत नाहीत. तुम्ही मतं मागत नसलात तरी त्या काळात तटस्थपणाबद्दल जरासुद्धा शंका येऊ देऊ नका. आणि कुणाला मत दिलं हे कधीही, हसत हसतसुद्धा, विचारू नका.

पायरी ८: नोंद ठेवा, पण थोडी

प्रत्येक घरासाठी एक ओळ: गल्ली, घर क्रमांक, तारीख आणि वेळ, दार उघडलं का, कोण गेलं होतं, फॉर्म भरला का आणि कुठला. नाव, फोन, जात, पक्ष काही नको. कुलूप असेल तर तसं लिहा आणि वेगळ्या वेळी पुन्हा जा. राजारामपुरीत दुपारी निम्मी घरं बंद, संध्याकाळी सातनंतर माणसं भेटतात. पेठांमध्ये उलट, दुपारी बायका मोकळ्या असतात. ऊस गाळपाच्या हंगामात गावाकडच्या भागात दिवसा कुणी सापडत नाही, तिथं तारखा ठरवतानाच विचार करा.

पायरी ९: हिशेब

इथं सगळ्यात मोठी चूक अशी होते की ज्यांनी दार उघडलं त्यांचीच तुलना बाकीच्यांशी केली जाते. दार उघडणारी, बसा म्हणणारी माणसं मुळातच वेगळी असतात. तुलना करायची ती नाण्यानं निवडलेल्या सगळ्या गल्लीची सोडलेल्या सगळ्या गल्लीशी, भेटलेले आणि न भेटलेले सगळे धरून.

समजा निवडलेल्या १२ गल्ल्यांत मिळून ६०० पात्र पण नाव नसलेली माणसं होती आणि ८४ नावं लागली, म्हणजे १४ टक्के. सोडलेल्या १२ गल्ल्यांत तेवढ्याच माणसांपैकी ४८ नावं आपोआप लागली, ८ टक्के. तुमच्यामुळं वाढलेली नावं ८४ नाहीत, ३६ आहेत. बाकीची तशीही लागलीच असती. १४ आणि ८ टक्क्यांतला फरक ६ टक्के-अंकांचा. आता निम्म्याच माणसांशी प्रत्यक्ष भेट झाली असेल आणि सगळी वाढ त्यांच्यातूनच आली असं धरलं, तर भेटलेल्यांवरचा परिणाम ६ नव्हे, १२ टक्के-अंकांचा. आणि चहा, झेरॉक्स, पेट्रोल धरून खर्च ९,००० रुपये झाला असेल तर एका जास्तीच्या नावाला २५० रुपये पडले. रॅलीवाल्यांना हा आकडा विचारून बघा.

पात्र माणसं नक्की किती, हे आधी कळत नाही असं कुणी म्हणेल. खरं आहे. ती संख्या न घेता गल्लीतल्या घरांमागं किती नावं वाढली, असंही मोजता येतं. तुलना दोन्हीकडं सारखी ठेवली की झालं.

हा फरक योगायोगानं आला असेल का? त्यासाठी जोड्या बघा. १२ जोड्यांपैकी किती जोड्यांत निवडलेल्या गल्लीत जास्त नावं लागली ते मोजा. भेटीचा काहीच परिणाम नसता, तरी नुसत्या योगायोगानं १२ पैकी ७ किंवा जास्त जोड्या जिंकणं शंभरात ३९ वेळा घडतं. म्हणजे ७ वर नाचायचं नाही. पण १० किंवा जास्त जोड्या योगायोगानं जिंकणं शंभरात दोनदाच घडतं. तिथं तुम्ही छातीठोकपणे सांगू शकता. पटत नसेल तर घरी बसून १२ वेळा नाणं उडवा आणि छापे मोजा, असं पुन्हा पुन्हा करा. ज्यांना गणिताची धास्ती आहे त्यांनाही हे समजतं, आणि तालमीच्या कट्ट्यावर समजावूनही सांगता येतं.

पायरी १०: निकाल सगळा सांगा

फरक दिसला नाही तरी लिहा. व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवून काही झालं नाही, हे कळणंसुद्धा पुढच्या गटाची मेहनत वाचवतं. चार पानं पुरतात: प्रश्न काय होता, गल्ल्या कशा निवडल्या, काय केलं, दोन्हीकडचे आकडे, खर्च, काय बिघडलं. कुठल्या गल्लीत स्वयंसेवक गेलेच नाहीत तेही लिहा. एक प्रत तहसील कार्यालयातल्या निवडणूक शाखेला द्या, एक विद्यापीठातल्या संबंधित विभागाला, एक बीएलओंना. गल्लीचं नाव छापताना मात्र विचार करा. अमक्या गल्लीतले लोक आळशी, असा अर्थ कुणी काढू नये म्हणून क्रमांक बदलून छापलेलं चांगलं.

हे सगळं झालं की एक काम राहतं. नाण्याचा कौल लागला नाही म्हणून ज्या १२ गल्ल्या सोडल्या, तिथंही नाव नसलेली माणसं आहेत, आणि त्यांचा काही दोष नव्हता. यादीची मोजणी पूर्ण झाली की पुढच्या रविवारी तीच पोरं, तेच मोबाईल आणि चाललेली पद्धत घेऊन त्या गल्ल्यांत जा. कुठल्या कागदावर घर अडतंय, कुठल्या वेळी माणसं सापडतात, हे तोवर तुम्हाला पाठ झालेलं असतं, त्यामुळं तिथलं काम पहिल्या खेपेपेक्षा भराभर होतं. पुढची पात्रता तारीख कुठली, ते आधी बघून निघा, म्हणजे सतरा पूर्ण झालेल्या पोरापोरींचे आगाऊ अर्जही त्याच फेरीत भरून होतील.